चासीसम्राटांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री चासीसम्राट,
मुक्काम मिडलँड्समधली एक पत्र्याची शेड, इंग्लंड, यांचे सेवेसी

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा आपला निरोप मिळाला. माझी गाडी अखेर नंबरप्लेट लावून रस्त्यावर धावू लागल्याचे आपल्या कानी आले आणि आपल्या चासीबद्दल मी 'चार चांगले शब्द' लिहून द्यावेत, अशी इच्छा आपण व्यक्त केलीत. आपल्यासारख्या थोरांनी माझ्यासारख्या क्षुल्लक गिऱ्हाइकाकडे काही मागावे, हे आमचे भाग्यच. पण आपले कार्य चार शब्दांत बसवणे माझ्या ताकदीबाहेरचे आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

पत्र मराठीत लिहितो आहे, कारण लेस्टरपासून स्लाउपर्यंत शनिवारी सकाळी गॅरेजचे दार वर करून हातात पाना घेणारी मराठी मंडळी या देशात आहेत. आपली कीर्ती त्यांच्यापर्यंत आपल्या मालाच्या आधी पोचावी, एवढीच इच्छा. आपले नाव मात्र लिहीत नाही. थोरांचे नाव उघड घेऊ नये, असा आमच्याकडे संकेत आहे. इंग्लंडातला अब्रुनुकसानीचा कायदाही साधारण तेच सांगतो.

सर्वप्रथम आपल्या आदरातिथ्याबद्दल आभार. किट कारची, म्हणजे सुट्या भागांतून घरी बांधायच्या गाडीची, चासी विकणारे इतर लोक गिऱ्हाइकाला फार छळतात. इंजिन कोणते बसवणार, गाडी रस्त्यावर चालवणार की ट्रॅकवर, उंची किती, बुटाचा नंबर कोणता (पेडलपाशी जागा अरुंद असते म्हणे), मागच्या चाकांचे सस्पेन्शन कसले, असले नाही नाही ते विचारतात. तयार गाडीत बसवून बघतात. कुणी तर 'आमची चासी तुम्हाला जमणार नाही' असे तोंडावर सांगून परत पाठवतात. धंदा करायची ही काय रीत झाली? आपण एकच प्रश्न विचारलात: रोख की बँकेतून?

मी वहीत शंका लिहून आणल्या होत्या. दोन लांब तुळयांची लॅडर चासी घ्यावी का? ती जड, पण व्ही-एट इंजिनाच्या कोब्राच्या प्रतिकृतींना चालते. की मधोमध एकच कणा असलेली बॅकबोन, १९६२ च्या लोटस इलानला होती तशी? की बीच बगीवाले वापरतात तो फोक्सवॅगन बीटलचा तयार तळ? तो कापून आखूड केला की मूळ गाडीची ओळख जाते आणि सगळी सरकारी तपासणी मागे लागते, हे खरे का? की बारीक पाइपांची स्पेसफ्रेम, जी हलकी असते पण बांधणाऱ्याचा हात पारखते? आपण माझी वही हळूच मिटलीत आणि म्हणालात, 'चासी म्हणजे चासी.' एवढे शुद्ध अद्वैत मी आळंदीतही ऐकले नव्हते.

मग आपण मला किट कारची परंपरा सांगितलीत. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली. सुट्या भागांत विकलेल्या गाडीवर तेव्हा खरेदीकर लागत नसे; मात्र सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर ती सवलत जाई. म्हणून लोटसने गाडी 'खोलायच्या' सूचना छापल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या उलट्या क्रमाने वाचल्या, अशी कथा आहे. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पण आपण परंपरा पुढे नेलीत. आपल्या चासीसोबत सूचना ना सुलट्या आल्या, ना उलट्या. नकाशाही नाही. चॅपमनना निदान कर चुकवायचा होता. आपली सेवा निरपेक्ष.

रॉन चॅम्पियन यांच्या पुस्तकाबद्दलचा आपला आदरही मी जवळून पाहिला. अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार बांधा, असे सांगणारे ते पुस्तक १९९६ मध्ये आले आणि इंच-बाय-इंच, सोळा गेजचा चौकोनी पाइप घेऊन माणसे घरोघर सेव्हनच्या धर्तीचे सांगाडे जोडू लागली. त्यांना 'लोकॉस्ट' म्हणतात. आपली चासी 'पुस्तकाप्रमाणे' आहे, असे आपण म्हणालात. घरी आल्यावर पुस्तकातले पाइप मोजले, मग आपले मोजले. पुस्तकात जास्त भरले. एवढ्या थोर ग्रंथाचे संक्षिप्तीकरण करायला धैर्य लागते.

आता त्या ऐतिहासिक क्षणाकडे येतो. माझ्याकडे जुन्या माझदा एमएक्स-५ चे इंजिन आणि गिअरबॉक्स होते. दोन कॅमशाफ्टचे ते इंजिन आपल्या चासीत उतरवून बघितले, तर डाव्या अंगाचा तिरका पाइप आडवा येत होता. दुसऱ्या कुणी इंजिनाचे माउंट सरकवले असते, नाहीतर पाइपाची जागा नव्याने आखली असती. आपण ग्राइंडर उचललात. ठिणग्या उडाल्या, पाइप खाली पडला, आपण तो बुटाने बाकाखाली ढकललात आणि म्हणालात, 'आता बसेल.' खरोखर बसले.

तो तिरका पाइप तिथे का असतो, हे आपल्याला सांगणे म्हणजे आगाऊपणा. पण पत्र चारचौघांत वाचले जाणार, म्हणून लिहितो. चौकोनी चौकट कितीही जाड लोखंडाची असो, तिला कर्णावर आधार नसला की ती जुन्या बाजेसारखी एका अंगाला कलते. त्रिकोण कलत नाही. स्पेसफ्रेमची सारी ताकद या त्रिकोणांत असते. म्हणून तर एवढ्या बारीक पाइपांवर इंजिन, माणसे आणि चाकांचे धक्के सोपवता येतात. इंजिनाच्या जागेतला त्रिकोण काढला की पुढची चाके एक बोलतात आणि मागची दुसरेच. आपण काढलात, तो नेमका हा पाइप. पण मोकळी जागा किती झाली!

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात पोरगा वर्कशॉपला लागला की त्याच्या हाती आधी गुण्या देतात, वेल्डिंगचा होल्डर नंतर. त्या जुनाट वळणामुळे मी आपल्या चासीचे दोन्ही कर्ण मोजायचा उद्धटपणा केला. अकरा मिलिमीटरचा फरक निघाला. आपल्याला फोन केला, तेव्हा आपण समजावलेत की हाताने घडवलेल्या वस्तूत जिवंतपणा असतो. खरे आहे. आपली चासी इतकी जिवंत होती की तिचे डावे चाक उजव्याच्या पुढे निघाले होते.

त्याचा एक गोड परिणाम पुढे दिसला. चाकाचा मधला खांब किंचित मागे झुकलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे वळण संपल्यावर हात सैल सोडला की स्टिअरिंग आपोआप सरळ होऊ लागते. इथल्या तपासणीत हे बघतात. माझे स्टिअरिंग एका वळणानंतर सरळ यायचे आणि दुसऱ्यानंतर विचारात पडायचे. कारण आपण सस्पेन्शनचे ब्रॅकेट दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या मनःस्थितींत जोडले होते.

पावडर कोटिंगबद्दल मात्र आपल्याला मानावेच लागेल. असा झळाळता काळा रंग! चासी विकत घेताना उघडे लोखंड बघावे, सांधे बघावेत, रंग नंतर द्यावा, असे जुने लोक सांगतात. पण उघडे लोखंड दाखवणे हा एक प्रकारचा असभ्यपणाच, आणि आपण सभ्य गृहस्थ. एका ब्रॅकेटवरचा रंग खरवडला तेव्हा वेल्डिंगचा सांधा दिसला. वर फुगलेला, अंगावर टाचणीएवढी भोके, आणि खाली पाइपात मुरलेलाच नाही. लोखंड लोखंडाला नुसते टेकून होते. मधला दुवा रंगाचा. एवढे जबाबदारीचे काम रंगावर सोपवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

ब्रेकबद्दलचे आभार मानायचे राहतील. पेडलची पेटी आपण पातळ पत्र्यावर बसवलीत, त्यामुळे पेडल दाबले की आधी पत्रा पुढे फुगायचा, मग ब्रेक लागायचे. बोनट उघडून मित्राला पेडल दाबायला सांगितले, तर पत्रा छाती भरून श्वास घेताना स्पष्ट दिसला. गाडी थांबण्यापूर्वी तिला दीर्घ श्वास घेऊ द्यावा, ही योगसाधना आपण कुठे शिकलात?

एका गोष्टीबद्दल मात्र कसे आभार मानावे, ते सुचत नाही. सीटबेल्टचे बोल्ट जिथे अडकतात, ते नट आपण सरळ पाइपाच्या भिंतीवर चिकटवले होते. मागे जाड पट्टी नाही, आधाराची प्लेट नाही. भिंत सोळा गेजची, म्हणजे १.६ मिलिमीटर. अपघातात त्या एका नटावर अख्ख्या माणसाचे वजन अनेक पटींनी येते. डाव्या सीटवर माझी मुलगी बसणार होती, हे मी आपल्याला पहिल्याच भेटीत सांगितले होते. आपण तिच्यासाठी वेगळ्या रंगाचा बेल्ट सुचवला होतात. गुलाबी.

असो. आता आपल्या सर्वांत लाडक्या शब्दांकडे वळतो: 'आयव्हीए-रेडी'. आपल्या शेडच्या दारावर ते केवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवले आहेत! आयव्हीए, म्हणजे इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल, ही २००९ मध्ये जुन्या एसव्हीएच्या जागी आलेली तपासणी. घरी बांधलेली एकेक गाडी डीव्हीएसए या सरकारी संस्थेचे परीक्षक तपासतात आणि पास झाली तरच स्वॉन्झीचे डीव्हीएलए तिला नोंदणी देते. यात मंजुरी मिळते ती पुऱ्या जोडलेल्या गाडीला: दिवे, आरसे, ब्रेक, धूर, आवाज, स्टिअरिंग, सगळ्यासकट. सुट्या चासीला कुणी मंजुरी देत नाही, देऊ शकत नाही. म्हणजे जी पदवी कोणतेही विद्यापीठ देत नाही, ती आपण आपल्या लोखंडाला स्वतःच बहाल केलीत. इतर विक्रेते आपल्या चासीवर किती गाड्या पास झाल्या ते सांगतात, बांधणाऱ्यांशी गाठ घालून देतात. आपला स्वभाव लाजाळू.

परीक्षकाबद्दल आपण मला आधीच सावध केले होते. माणूस खडूस असतो, कडांवर रबर चढवा, नटांवर प्लास्टिकच्या टोप्या घाला, पास झालात की सगळे काढून फेका, असा तो गुरुमंत्र. प्रत्यक्षात एक शांत गृहस्थ भेटले. हातात टॉर्च, जवळ शंभर मिलिमीटर व्यासाचा गोळा. गाडीच्या बाहेरच्या अंगाला हा गोळा जिथे टेकू शकतो, तिथली कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोल असावी लागते. का, ते अशा गाडीची धडक बसलेल्या पादचाऱ्याला विचारावे. कडा त्यांनी भराभर बघितल्या. मग ते गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, 'हे वेल्डिंग तुम्ही केलेत?' मी आपले नाव अभिमानाने सांगितले. त्यांनी मान हलवली. ती कोणत्या अर्थाने, हे मी आपल्या कल्पनेवर सोडतो. नापासाचा कागद मी फ्रेम करून ठेवला आहे. त्यात आपल्या जवळजवळ प्रत्येक कलाकृतीचा उल्लेख आहे. कापलेला पाइप आहे, पेडलची पेटी आहे, सीटबेल्टचे नट आहेत, आणि स्टिअरिंगचा तो अखंड लोखंडी दांडाही आहे, जो धडकेत दुमडण्याऐवजी थेट चालकाच्या छातीत आला असता. आपल्या कामाचे इतके बारकाईने केलेले समीक्षण मी दुसरे वाचलेले नाही.

कागदपत्रांतही आपण सोयच बघितलीत. चासी क्रमांक चासीवरच ठोकलेला असावा लागतो. आपण तो ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कोरून दोन रिबिटांनी लावलात, हवा तेव्हा बदलता यावा म्हणून. नवी चासी आणि एकाच जुन्या गाडीचे दोन मुख्य भाग, असा पुरावा दिला तर त्या जुन्या गाडीच्या वयाचा नंबर मिळतो. चासी नवी असल्याचे सिद्ध झाले नाही तर 'क्यू' अक्षराची प्लेट, म्हणजे हिचे कूळ-वय ठाऊक नाही असे सरकारी शिक्कामोर्तब. आपण पावतीवर लिहिलेत: 'धातूची चौकट, एक नग.' त्या पावतीवर मला गाडीही मिळाली असती आणि द्राक्षाचा मांडवही.

आपण किती भाग्यवान देशात व्यवसाय करता, याची आपल्याला कल्पना नसावी. आमच्या उद्यमनगरात लोखंडाचे काय हवे ते ओतून, कातून मिळते, हुन्नराला तोटा नाही. पण हौशी माणसाने घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायला तिथे वाट नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुना मंजूर करून घेणे हे कारखानदाराचे काम. तयार गाडीत मूळ रचनेपासून फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले.

यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे. तिथल्या एका कारागिराने भंगारातून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले आणि त्याच दमात सांगितले की नियमांत बसत नाही म्हणून अधिकारी ती आज ना उद्या अडवतील. 'मी बदल्यात बोलेरो देतो,' असेही म्हणाले. पुढच्या महिन्यात दिलीही. म्हणजे आमच्याकडे दिलदार माणूस भेटला तर बोलेरो मिळते, नोंदणी मिळत नाही.

इथे मात्र कुणीही सोमागोमा स्वतःसाठी एक गाडी बांधू शकतो आणि ती नीट आहे का हे बघायला सरकार टॉर्च घेऊन माणूस पाठवते. एवढी मोकळीक टिकते, ती कुणीतरी सांधा खरवडून बघतो म्हणून. ज्याला आपण खडूस म्हणता, त्याच्या जिवावर आपली शेड उघडी आहे. उद्या तो टॉर्च विझवून 'चासी म्हणजे चासी' म्हणू लागला, तर दोन-चार गुलाबी बेल्ट तुटल्यावर ही वाट इथेही बंद होईल. मग आपण काय विकणार?

आता आपल्या मूळ विनंतीबद्दल. चार चांगले शब्द द्यायला माझी हरकत नव्हती, पण एक अडचण आहे. जी गाडी रस्त्यावर धावताना आपल्या कानी आली, तिच्यात आपला एकही पाइप नाही. इंजिन, गिअरबॉक्स, चाके, वायरिंग, सगळे खोलून मी दुसऱ्या एका छळवादी विक्रेत्याच्या चासीवर चढवले. त्याने बुटाचा नंबर विचारला, नकाशे दिले, चासी नवी असल्याचा दाखला दिला आणि रंगाआधी सांधे दाखवले. नवा अर्ज, नव्याने साडेचारशे पौंड शुल्क. तेच परीक्षक होते. या वेळी गाडीखालून लवकर बाहेर आले.

हिशेब मांडला तेव्हा कळले की आपली स्वस्त चासी ही माझ्या गाडीचा सर्वांत महाग भाग ठरली, आणि तोही गाडीत नसलेला. हा विक्रम आपल्या नावावर राहो.

आपली चासी गॅरेजच्या मागे उभी आहे. भंगारवाल्याने भाव विचारला नाही, कारण त्याने आधी सांधे बघितले. एका तरुणाने परवा घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा मी त्याला कर्णांतला फरक, कापलेला पाइप आणि सीटबेल्टचे नट सगळे दाखवले. तो निघून गेला. सगळे सांगून ही वस्तू विकण्याचे कसब माझ्यात नाही, आणि न सांगता विकण्याचे आपल्याइतके कुणातच नाही. तेव्हा येत्या शनिवारी गाडी घेऊन यावे, चासी परत न्यावी आणि माझे पैसे द्यावेत. रोख चालतील, बँकेतूनही चालतील.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
एक समाधानी गिऱ्हाईक

ता. क. येताना बाकाखालचा तो तिरका पाइपही आणावा. पुढच्या गिऱ्हाइकाला चासी पुरी विकलीत, तर आपल्या नावाला बट्टा लागेल खरा, पण एखाद वेळेस लागू द्या.